अनंताचा पाय

अनंताचा उजवा पाय मागे पडतोय, हे सगळ्यांत आधी शैलेशला कळलं. त्यालाच कळणार होतं, कारण कित्येक वर्षं त्या पायावरच त्याची भाकरी होती.

शैलेश भोईर कामतघरचा. भाऊंच्या ऑर्केस्ट्रात तो बेस गिटार वाजवायचा. वडिलांनी शेत गोदामवाल्यांना विकलं, चुलतभाऊ जागेच्या धंद्यात शिरले, आणि हा मात्र एक जड लाकडी फळी गळ्यात अडकवून गावोगाव हिंडत राहिला. हळदीच्या मांडवात नातेवाईक विचारायचे, "गिटारला सहा तारा असतात ना रं? तुज्या दोन कुठं तुटल्या?" तो हसून सोडून द्यायचा. समजावणार तरी काय? बेसचा आवाज कानाला नव्हे, छातीला लागतो. तो वाजत असताना कुणाला कळत नाही. थांबला की नाचणाऱ्यांची पावलं आपोआप सैल पडतात.

गिटार जुनी जपानी बनावटीची होती, मुंबईत धोबी तलावाजवळच्या एका दुकानातून उचललेली. कोणाची होती, देव जाणे. मागच्या बाजूला कुणाच्या तरी पट्ट्याच्या बकलाने पडलेले ओरखडे होते. आवाजाची पेटी कल्याणच्या एका मेकॅनिकने बनवून दिलेली, धान्याच्या कणगीएवढी. टेम्पोत चढवायला दोन माणसं लागायची. तारा घामाने मरायच्या. नव्या तारा महाग, म्हणून शैलेश जुन्याच उकळत्या पाण्यात टाकून त्यांचा मळ काढायचा. त्याची बायको मैना हिने शेवटी त्या कामाला एक पातेलं वेगळं काढून दिलं, आणि पाहुण्यांपैकी कुणी चुकून त्यात चहा ठेवू नये म्हणून ते माळ्यावर ठेवलं. गावातल्या मांडवात वीज खांबावरून आकडा टाकून घेतलेली असायची. बेस हातात घेण्याआधी शैलेश हाताच्या पालथ्या बाजूने तारांना हळूच स्पर्श करून बघायचा. झटका बसला तर हात आखडून मागे येतो. तळव्याने धरलं तर सुटत नाही. हे त्याला अनंताने शिकवलं होतं.

अनंता राहनाळचा, त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. भाऊंकडे ड्रम वाजवायचा. गळ्यात तुळशीची माळ, दारूला कधी शिवला नाही, आणि टेम्पोत बसल्या बसल्या झोपायचा तो थेट मुक्कामाला उठायचा. शैलेश नवा आला तेव्हा गाणाऱ्याच्या तोंडाकडे बघून वाजवायचा आणि हमखास चुकायचा. तेव्हा अनंताने त्याला जवळ बोलावून सांगितलं होतं, "तोंडाकडं काय बघतंस? माज्या पायाकडं बघ. माजा पाय पडंल तिथं तुजं बोट पडलं पायजे. मंग गानारा कुटं बी जाऊ दे, आपुन दोगं घरीच हाव."

पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला ते 'किक' म्हणत. शैलेशने कितीतरी वर्षं फक्त ती किक ऐकली. पुढे पुढे त्याला बघायचीही गरज राहिली नाही. दोघांचा आवाज मिळून एकच व्हायचा, आणि तो कुणाचा हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

दोन हजार चार साली चैत्रात पडघ्याजवळच्या एका गावच्या जत्रेत ते वाजवत होते. तिसऱ्या की चौथ्या गाण्यात शैलेशचं बोट पडलं आणि किक आली नाही. आली, पण किंचित उशिरा. डोळ्याची पापणी लवावी एवढाच उशीर. शैलेशला वाटलं आपणच घाई केली. पुढच्या फेरीला तो थांबून राहिला, मग जमलं. त्यापुढच्या गाण्यात पुन्हा तेच. त्याने मान वळवून बघितलं. अनंताचे हात नेहमीसारखे झांजांवर मोकळे फिरत होते, चेहऱ्यावर तेच हसू होतं. पाय मात्र झोपेतून उठवलेल्या माणसासारखा, हाक मारल्यावर जरा वेळाने ओ देत होता.

शैलेशने त्या दिवशी काही विचार केला नाही. बोट मागे खेचलं, पायाशी जुळवलं, एवढंच. दोन्ही एकत्र पडले की ऐकणाऱ्याला चूक लागत नाही. गाणं थोडं जड वाटतं, इतकंच. पावसाळ्यात कार्यक्रम बंद होते. गणपतीत पुन्हा सुरू झाले, तेव्हा पाय आणखी मागे गेला होता. शैलेशही मागे गेला. कुठल्या ठेक्यात पाय किती रेंगाळतो, कुठल्यात अजून सरळ पडतो, हे त्याच्या बोटांना पाठ झालं. अनंताला स्वतःला पत्ता नव्हता. त्याला कसा लागणार? त्याचा पाय पडायचा तेव्हा बेस तिथेच असायचा. बेस बरोबर आहे म्हणजे आपण बरोबर आहोत, असंच तो आयुष्यभर मानत आला होता.

सांगावं असं शैलेशला वाटलं नाही असं नाही. टेम्पोत शेजारी बसल्यावर दोनदा शब्द ओठांपर्यंत आले. पण म्हणायचं काय? अनंताकडे दुसरं होतं काय? दिवसा गोदामात हमालांवर देखरेख करायचा, तिथे त्याला कुणी नावानेही ओळखत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर शैलेशला त्याच्यापेक्षा स्वतःची काळजी जास्त होती. अनंता ड्रमवरून उठला तर आपण कुणाच्या पायावर उभं राहायचं?

नवरात्रात ते खानदेशाच्या दौऱ्यावर निघाले. कसारा घाट, नाशिक, मालेगाव, धुळे. टेम्पोत ड्रमचे गोल, पेट्या, वायरींची भेंडोळी, आणि उरलेल्या जागेत माणसं. एके दुपारी ढाब्यावर जेवण झाल्यावर भाऊंनी आदल्या कार्यक्रमाची कॅसेट गाडीत लावली. भाऊ ऑर्केस्ट्राचे मालक, कीबोर्ड तेच वाजवायचे, कान तिखट. थोडा वेळ त्यांनी ऐकलं, मग आवाज कमी केला.

"शैलेश, बेस मागं पडतोय."

पूर्वा, ऑर्केस्ट्रातली गाणारी पोरगी, खिडकीबाहेर बघत म्हणाली, "मी सांगनारच व्हते. दोन गान्यांत मला उचलताच आलं न्हाय. सूर पकडायला गेले तर खाली काय न्हायच."

शैलेशच्या शेजारी अनंता बसला होता. त्याने शैलेशच्या मांडीवर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "काय झालंय रं तुला? घरात काय भानगड हाय का?"

"न्हाय दादा."

"मंग?"

शैलेशने खाली बघितलं. "सराव कमी पडतोय," तो म्हणाला.

"एवढंच ना? मी हाय."

दौऱ्यावरून परतल्यावर अनंता खरंच यायला लागला. राहनाळहून रिक्षाने कामतघरला, सकाळी, गोदामावर जायच्या आधी. ड्रम काही आणता येत नव्हते. तो पाटावर काठ्या वाजवायचा आणि फरशीवर टाच आपटून किक द्यायचा. "माज्या पायावर ये. घाई करू नको. आन मागं बी राहू नको. हां. परत." पेटी न लावता बेस हलकाच वाजायचा, आणि फरशीवर त्या टाचेचा आवाज स्पष्ट ऐकू यायचा. उघडा पडल्यासारखा. पाय उचलायचा तेव्हा पायाची बोटं जमिनीला चिकटून राहायची, मग टाच उशिराने एकदम खाली यायची. शैलेशचं बोट तिच्याबरोबर पडायचं. अनंता खूश व्हायचा. "बग! जमतंय की! टेन्शन घेतंस तू, दुसरं काय न्हाय."

मैना चहा घेऊन यायची आणि दोघांकडे बघून आत जायची. एकदा अनंता गेल्यावर ती म्हणाली, "अहो, मला गान्यातलं काय कळत न्हाय. पन दादा उंबरा चढताना अडखळतात. उजवी चप्पल पायरीवर राहते आन ते तसेच आत येतात. चूक तुमची न्हाय. हो ना?"

शैलेश तारा पुसत राहिला.

"सांगा त्यांना."

"कसं सांगू?"

"तोंडानं," मैना म्हणाली.

पण तो बोलला नाही. सकाळच्या त्या तासाची अनंता वाट बघायचा, हे त्याला दिसत होतं. एका धाकट्या माणसाला आपण सावरतोय या विचाराने त्याच्या अंगावर जणू मांस चढलं होतं. ते काढून घ्यायचं कसं? शैलेश गप्प बसून शिकत राहिला.

हळदीचा हंगाम तोंडावर आला, तेव्हा भाऊंनी नवा कीबोर्ड घेतला. त्यात डाव्या हाताने बेस वाजवता यायचा. त्यांनी शैलेशला घरी बोलावलं, बसवलं, सरबत दिलं. "थोडे दिवस आराम कर. नंतर बघू," ते म्हणाले. भाऊ वाईट माणूस नव्हते. बोलताना त्यांनी एकदाही वर बघितलं नाही.

अनंताला कळलं तेव्हा तो भडकला. भाऊंच्या दारात जाऊन त्याने सगळ्यांसमोर सांगितलं, "शैल्या न्हाय तर मी बी न्हाय." शैलेशनेच त्याला बाजूला घेतलं. म्हणाला, "दादा, तू वाजव. तुज्या पुतनीची हळद हाय, राहनाळला. भाऊ तुला जबरदस्ती करायचे न्हायत, पन पोरीच्या हळदीत ड्रम न्हाय म्हंजे सोभंल का? तू वाजव, मी ऐकायला येतंय."

पुढे कित्येकदा शैलेशला हे वाक्य आठवलं. त्या घडीला तोंड उघडता आलं असतं. त्याऐवजी त्याने अनंताला स्वतःच्या हाताने स्टेजवर चढवलं.

हळदीला सारं राहनाळ लोटलं होतं. गोदामांच्या दोन भिंतींमधली भातखाचरं भरून सपाट केली होती, तिथे मांडव. गोदामांच्या पैशामुळे आता हळद म्हणजे लग्नाच्या वरचढ. लग्नविधीची गाणी म्हणणाऱ्या धवलारीण बाईचे धवले संपले, नवरीला हळद लागली, आणि संध्याकाळचा उजेड अजून असतानाच भाऊंनी सुरुवात केली. शैलेश मैनासोबत खुर्च्यांच्या मागच्या रांगेत बसला होता. अनंताची बायको कमळा पुढे बायकांत होती, हिरव्या लुगड्यात, मान ताठ.

पहिली दोन गाणी संथ होती, निभावली. तिसरं नाचाचं. बायका उठल्या, पोरं उठली. भाऊंचा डावा हात अगदी वेळेवर पडत होता. तो कुणासाठी थांबत नव्हता. त्याला थांबायचं कारणही नव्हतं. एका ओळीत किक मागे राहिली, दुसरीत आणखी. दोन्ही आवाजांच्या मधे फट पडली आणि ती रुंदावत गेली. पूर्वाने मागे वळून बघितलं, शब्द चुकली, पुन्हा धरायला गेली. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले. कुणीतरी हसलं. मग मागून एक आवाज आला, "आरं, डरमवाल्याला चढलीय!"

माळकरी अनंताने ते ऐकलं. वाजवता वाजवता त्याने खाली, स्वतःच्या पायाकडे बघितलं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं. तो जोर लावून पाय आपटू लागला, तसा ठेका आणखी सुटला. मग त्याने डावीकडे बघितलं, जिथे शैलेश उभा राहायचा त्या जागेकडे. तिथे नुसता एक स्टँड होता. तो बघत राहिला. शैलेशला लांबूनही दिसलं की त्याला आता कळतंय, एकेक करून सगळं कळतंय: खानदेश, कॅसेट, सकाळचा चहा, फरशीवरची टाच. अनंताने नजर उचलून गर्दीत त्याला शोधलं. शैलेश नकळत खुर्चीवरून उठून उभा राहिला.

अनंताने काठ्या ड्रमवर नीट शेजारी शेजारी ठेवल्या आणि मागच्या पायऱ्यांनी, बांबू धरून, खाली उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलेश त्याच्या घरी गेला. अनंता ओट्यावर बसला होता. त्याने बस म्हटलं नाही.

"कदीपासून?"

"पडग्याच्या जत्रेपासून."

"म्हंजे साल झालं." अनंताने मांडीवरून पायाकडे हात फिरवला. "पाय माजा. आन म्हाईत तुला."

"दादा, तुला वाईट वाटंल म्हनून—"

"मी तुज्या घरी येत व्हतो, शैल्या." त्याचा आवाज वाढला नव्हता. "रिक्षा करून. तुला शिकवायला. आन तू बसून शिकत व्हतास. मैनाला बी म्हाईत व्हतं?"

शैलेशने मान डोलावली.

"तू सांगितलं असतंस तर मी आपनच भाऊला सांगून उतरलो असतो. मान घेऊन उतरलो असतो. काल सगल्या गावानं मला दारुड्या म्हटलं, ते बी मला चाललं. पन तू माज्यावर दया केलीस रं. सालभर."

कमळा दारात आली होती. ती म्हणाली, "भावजी, त्यांना न्हाय तर मला तरी सांगायचं व्हतं. मी डाक्टरकडं नेलं असतं." त्यात राग नव्हता. रागावली असती तर शैलेशला सोपं गेलं असतं.

मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात अनंताला कंपवात निघाला. "पन कापत तर काय न्हाय," कमळा म्हणाली. सगळ्यांचंच कापत नाही, काहींचं अंग आखडत जातं, असं डॉक्टरांनी सांगितलं. आणि आधी का आणलं नाही, असंही विचारलं.

भाऊंना सगळं कळलं तेव्हा ते स्वतः कामतघरला आले. "मला का न्हाय बोललास? तुला घरी बसवला मी," म्हणाले आणि त्याला परत घेऊन गेले. ड्रमच्या जागी आता ठोक्यांचं मशीन आलं होतं. पहिल्याच कार्यक्रमात भाऊंनी दोनदा वळून बघितलं. गाणं संपल्यावर जवळ येऊन, बिचकत म्हणाले, "शैलेश, आता खरंच मागं पडतोयस."

ते खरं होतं. मशीनचा ठोका पडायचा आणि शैलेशचं बोट पापणी लवण्याएवढं थांबून राहायचं. वर्षभर त्याने बोटांना जे शिकवलं, ते बोटं विसरायला तयार नव्हती. त्याने घरी घड्याळाच्या टिकटिकीवर सराव केला. मैना बाजूला भाजी निवडत बसायची. हळूहळू सुधारलं, पण पूर्वीसारखं कधीच झालं नाही. एखाद्या संथ गाण्यात मन दुसरीकडे गेलं की बोट पुन्हा वाट बघू लागायचं.

पावसाळा सरला, दिवाळी गेली. अनंताने निरोप पाठवला नाही आणि शैलेशलाही जायचा धीर झाला नाही. मग एक दिवस कमळाचा सांगावा आला, यायचं असेल तर या. तो गेला. अनंता काठी टेकून उभा होता, बारीक झाला होता, चेहऱ्यावरचं हसू कुणीतरी पुसून काढल्यासारखं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं, तोंडाने मोजत. मोजलं की आखडलेला पाय सुटतो म्हणे.

"मी मोजतंय," अनंता म्हणाला. "तू मोजायचं न्हाय. आन माज्या जोडीनं हलू हलू चालायचं न्हाय. तुज्या पायानं चाल. मी मागं पडलो की सांग."

ते गोदामांच्या रस्त्याने निघाले. ट्रक लागलेले, हमाल माल उतरवत होते. अनंता पुटपुटत होता, एक दोन, एक दोन. थोडं अंतर गेल्यावर शैलेशला शेजारचा आवाज येईना. सवयीने त्याचंही पाऊल थबकलं. मग त्याने ते मुद्दाम पुढे टाकलं, आणखी एक टाकलं, आणि वळून बघितलं. अनंता रस्त्यात खिळला होता. त्याची नजर शैलेशवर होती.

"मागं पडलास, दादा," शैलेश म्हणाला.

"हां," अनंता म्हणाला. त्याने दम घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.

कार्यक्रम नसेल त्या सकाळी शैलेश जाऊ लागला. आधी ते हमरस्त्यापर्यंत जायचे, मग विहिरीपर्यंत, मग नुसतं अंगणात. ते शब्द त्याला रोज म्हणावे लागायचे, आणि रोज तितकेच जड जायचे. अनंताने गाण्याचा विषय कधी काढला नाही. माफ केलं असंही कधी म्हणाला नाही, आणि शैलेशने मागितलंही नाही. मैनाने पाठवलेले तांदळाचे लाडू मात्र तो खायचा.

काही वर्षांनी अनंता गेला, तेव्हा शैलेश नाशिककडे दौऱ्यावर होता. निरोप दुपारी पोचला. भाऊंनी त्याला लगेच एका ट्रकमध्ये बसवून दिलं, पण घाटात गाड्या तुंबल्या होत्या. तो राहनाळला उतरला तोवर माणसं स्मशानातून परतून हातपाय धूत होती. कमळाने त्याला पाणी दिलं.

"शेवटी काय बोल्ला का, वहिनी?"

"न्हाय. निजले व्हते," ती म्हणाली. "निजल्या निजल्या गेले."

शैलेश ओट्यावर बसून राहिला. अंधार पडायच्या आधी मैना कामतघरहून आली आणि त्याला घरी घेऊन गेली. तेरावं झालं, त्याच आठवड्यात पडघ्याला एक हळद होती. भाऊंनी टेम्पो पाठवला. शैलेशने बेस उचलला, पेटी चढवायला एका हमालाला हाताशी घेतलं आणि गेला.